तालीम सुटली, खुराक राहिला

आमच्या पेठेतल्या तालमीच्या दर्शनी भिंतीवर गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाची तसबीर लागली. तसबिरीखाली पाच ओळींचा मजकूर आहे आणि मजकुराखाली माझे नाव. त्यांतल्या चार ओळी मी लिहिल्या. पाचवी ओळ अशी आहे: 'अखेरच्या दिवसापर्यंत पैलवानाने खुराक सोडला नाही.' ही ओळ तालमीच्या मंडळींनी आधीच ठरवून ठेवली होती आणि ती मी खोडली होती. आज ती तिथे आहे, माझ्याच हस्ताक्षरावरून रंगवलेली. येणारेजाणारे ती वाचतात आणि मला वाटेत थांबवून सांगतात, "मास्तर, शेवटची वळ झ्याक जमलीया बघा."

मी आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवले. मुलांच्या वह्यांतली वाक्ये खोडताना माझा हात कधी अडखळला नाही. तेव्हा ही एक ओळ मी का राहू दिली, याचा खुलासा करणे मला भाग आहे. ती ओळ खोटी असती तर काम सोपे होते. ती शब्दशः खरी आहे. माझा भाऊ त्या ओळीनेच गेला, हे मात्र पेठेत कोणी ऐकून घ्यायला तयार नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला कोल्हापुरात नोकरी लागली तेव्हा वडिलांनी त्याला कोडोलीहून माझ्याकडे पाठवले, ते तालमीत घालण्यासाठी. पैलवान पोसणे हे आमच्याकडे एकट्यादुकट्याचे काम नसते. सगळे घर त्याला जुंपलेले असते. गावाकडून तूप यायचे. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, पहाटे उठून मातीच्या कुंडीत बदाम घोटायची. संध्याकाळी मी त्याला कट्ट्यावर न्यायचो. तिथे गवळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. भाऊ उभ्याउभ्या चार पेले रिकामे करी. त्यात काही गैर नव्हते. तो पहाटे हजार बैठका मारत होता, दुपारी माती उकरत होता, संध्याकाळी पुन्हा जोर काढत होता. पोटात गेलेला घास अंगावर रेंगाळायला जागाच नव्हती.

बत्तिसाव्या वर्षी मुरगूडच्या मैदानात त्याचा गुडघा फिरला. हाडाच्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितले की पुन्हा मातीत उतरायचे नाही. भावाने घरी येऊन लंगोट घडी घालून ट्रंकेत ठेवला. आठ दिवस तो कोणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी मी त्याला म्हणालो, "चल, कट्ट्यावर जाऊन येऊ."

ही चूक माझी. ती दुसऱ्या कोणी चुकीच्या शब्दांत सांगण्याआधी मीच सांगून ठेवतो. त्याच्या बैठका थांबल्या, जोर थांबले, धावणे थांबले, आणि दुधाचा पेला मात्र पुढची तेरा वर्षे माझ्या हातून त्याच्या हातात जात राहिला. त्यामागचा विचार एवढाच होता की बिचाऱ्याची कुस्ती गेली, निदान तोंडचा घास तरी जाऊ नये. शिवाय आमच्या पेठेत कोणा पैलवानाचे अंग कमी झाले तर 'उतरला' म्हणतात, आणि तो शब्द माणूस आजारी पडल्याच्या सुरात उच्चारतात. आमच्या घरातला पैलवान उतरलेला दिसू नये म्हणून आम्ही सारे झटलो. भावजय झटली, आमची मंडळी झटली, गावाकडून तूप पाठवणारे वडीलही झटले. तो चढत गेला. लोक म्हणत, "काय गडी भरलाय." आम्ही खूश होत होतो.

पंचेचाळिशीत त्याला साखरेचा आजार निघाला. रक्तदाब त्याच्या आधीच चढला होता, पण तो कोणी मोजला नव्हता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच्या पोटाभोवती टेप लावून सांगितले की हे पोट नुसते पुढे आलेले नाही. आतल्या चरबीमुळे अंगातली साखर जिरेनाशी झाली आहे आणि हृदयालाही जादा ओझे ओढावे लागते आहे. भाऊ हसला. "डॉक्टर, ही चरबी न्हवं, ही कमाई हाय," म्हणाला. डॉक्टरही हसले. मीही हसलो. त्या खोलीत तेव्हा कोणी हसायला नको होते. घरचा खुराक तसाच चालू राहिला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या टाचेला खिळा लागला. ती जखम सात महिने भरली नाही. एका सकाळी पायरीवर बसून चप्पल चढवताना तो बाजूला कलंडला आणि तिथेच संपला.

आता लोकांचे ऐका. पेठेचे म्हणणे, त्याला दृष्ट लागली. एवढा देखणा देह कोणाच्या तरी डोळ्यावर आला. मी विचारतो, दृष्ट लावणाऱ्याला तेरा वर्षे दम कसा निघाला? त्याच्या तालमीतल्या सोबत्यांचे म्हणणे, पैलवानाचे रक्त मुळातच दाट असते, त्यामुळे तपासणीत साखर दिसते, खरी ती नसतेच. त्यांतल्या तिघांना आज स्वतःला तोच आजार आहे आणि तिघेही गोळ्या चोरून घेतात. तिसरे म्हणणे माझ्या भावजयीचे. मुले मला आबा म्हणतात, म्हणून तीही आबाच म्हणते. ती म्हणते, "आबा, त्या सुया सुरू केल्या आन माणूस गेला. तवर ठणठणीत हुतं." इन्सुलिन सुरू झाले ते मरणाआधी चार महिने. जखम त्याच्याही आधीची आणि साखर तर तेरा वर्षांची. इतका साधा क्रम मी तिला दहा वेळा समजावला. दहाही वेळा ती म्हणाली, "तुमी शिकल्यालं. तुमास्नी बोलाय येतंय."

हे सारे गेलेल्या माणसापुरते असते तर मी एव्हाना गप्प बसलो असतो. पण भावाच्या पाठीमागे त्याचा मुलगा आहे. पुतण्या एक्केचाळीस वर्षांचा. त्याने मातीत कधी पाय ठेवला नाही. शेतीपंपांच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो आणि दिवसभर खुर्चीत असतो. मात्र ताट त्याला वडिलांचे मिळाले. भावजय त्याच्या भाकरीवर तुपाची वाटी आजही उपडी करते. वडील गेले त्या वयाला तो पोहोचेल की नाही, अशी शंका मला पहिल्यांदा आली ती गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, कोडोलीहून परतताना.

लग्नाचे जेवण उरकून आम्ही निघालो होतो. गाडी पुतण्या चालवत होता, त्याच्या शेजारी मी, मागे भावजय, सूनबाई आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. रस्ता सरळ, दोन्हीकडे ऊस, समोर चिटपाखरू नाही. मी पुतण्याला काहीतरी विचारले आणि उत्तर आले नाही म्हणून वळून पाहिले. त्याची हनुवटी छातीवर टेकली होती, तोंड उघडे होते आणि तो घोरत होता. मी चाकाला हात घालेपर्यंत गाडी रस्ता सोडून उसात शिरली आणि पंधरा-वीस हात ऊस आडवा करून थांबली. माझा खांदा दाराला आपटला. बाकी कोणाला खरचटलेही नाही. पुतण्या दचकून जागा झाला, इकडेतिकडे बघू लागला आणि म्हणाला, "कुत्रं आडवं आलं."

संध्याकाळी पेठेत ही हकीकत पोहोचली तेव्हा त्या कुत्र्याला काळा रंग आला होता. दुसऱ्या दिवशी ते लंगडत होते. मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या भावजयीनेही ते पाहिले होते. मी गाडीत जागा असलेला एकमेव माणूस. रस्त्यात कुत्रे नव्हते. मांजर नव्हते. काहीही नव्हते.

त्याच रात्री मी सूनबाईला बाजूला घेऊन विचारले. ती एकदम बोलू लागली. "आबा, ह्यांचा घोरण्याचा आवाज मधीच बंद पडतोय. श्वासच थांबतोय. मी हलवती, मग एकदम गुदमरल्यावानी उठत्यात. दुकानात बी खुर्चीत झोपत्यात. गिऱ्हाईक हाक मारून मारून जातंय."

"मग डॉक्टरकडे का जात नाही?"

"न्हाय जायाचं. मागं एकदा गेलतं. तिथला कंपौंडर सगळ्यांसमोर म्हटला, पावणं, एकेक पाय ठेवा, काटा मोडंल. बाकड्यावरची माणसं हसली. तवापासनं काट्यावर पाय ठेवला न्हाय त्यांनी."

हे मला कोणी सांगितले नव्हते. एकीकडे 'गडी भरलाय' म्हणून पाठ थोपटणारे आणि दुसरीकडे काट्यावर उभे करून हसणारे, यांच्या मधे सापडलेला माणूस कुठे जाणार? त्या कंपाउंडरचा मला आजही राग येतो. पण पाठ थोपटणाऱ्यांचा जास्त येतो, कारण त्यांच्यात मी होतो.

दुसऱ्याच दिवशी मी पुतण्याच्या दुकानात गेलो. तो खुर्चीत पेंगत होता. मी टेबलावर काठी आपटली.

"झोपलो न्हवतो, आबा. डोळं मिटून हिशोब करत हुतो."

"काल उसात पण हिशोब करत होतास?"

"कुत्रं आलं म्हणून सांगितलं की."

"लेका, मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. मागे तुझी पोरगी बसली होती."

त्याने टेबलावरची वही पुढे ओढली. मग म्हणाला, "आमच्या घराण्यात अंगच आसं हाय. बापाचं बी हुतं. त्यो कधी डॉक्टरच्या पाया पडाय गेला न्हाय."

"आणि म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला."

"वाघासारखा गेला."

"पायरीवर गेला. चप्पल घालताना."

त्याने ड्रॉवर जोरात लावला आणि मला जायला सांगितले. माझ्या घरात वाढलेल्या मुलाने मला जायला सांगण्याची ती पहिली वेळ.

तालमीचा मजकूर त्याच आठवड्यात माझ्याकडे आला. मंडळींनी पाचवी ओळ देऊन ठेवली होती आणि वरच्या चार ओळी मी लिहायच्या होत्या. मी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिले: 'कुस्ती सुटल्यावरही खुराक चालू राहिला आणि तोच त्याच्या आजाराचे कारण झाला, मागून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.' तालमीत शंभर पोरे आहेत. उद्या त्यांचीही कुस्ती सुटेल. भिंतीवर हे वाक्य असेल तर त्यांच्या घरचे तरी वेळीच ताट बदलतील, असा माझा हिशेब होता. मला ते वाक्य चांगले वाटत होते. आजही वाटते.

सकाळी कागद तालमीत धाडला आणि दुपारी पुतण्या माझ्या दारात उभा. एवढा मोठा देह, तीन पायऱ्या चढून आला तर धापा टाकत होता. हातात माझाच कागद.

"माझ्या बापाला भिंतीवर खादाड म्हणून लावताय व्हय?"

"खादाड हा शब्द कुठे आहे त्यात?"

"शब्द नसंल. लोक काय वाचतील? तालीमभर पोरं हसतील. मला हसली तशी."

मी त्याला सांगितले की खादाड तो नव्हता, त्याला खायला घालणारे आम्ही होतो. पेला माझ्या हातात होता, हेही हवे तर भिंतीवर लिहितो. त्याने ऐकले नाही. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी त्याच्या आरोग्याविषयी आजवर जे जे बोललो, त्या प्रत्येक वाक्यात त्याला बापाची निंदाच ऐकू येत होती. डॉक्टरकडे जाणे म्हणजे बाप चुकला असे कबूल करणे, असा त्याने अर्थ लावून घेतला होता. माझे वाक्य भिंतीवर राहिले असते तर ते शंभर पोरांनी वाचले असते आणि ज्याच्यासाठी ते मी प्रामुख्याने लिहिले, तो ते वाचून पुन्हा कधी माझ्या दारात आला नसता.

मी वाद जिंकण्यासाठी बसलेला माणूस आहे. माघार घेण्याची मला सवय नाही आणि हौसही नाही. तरी मी त्याला म्हणालो, "मंडळींची ओळ राहू दे. मी माझ्या हाताने लिहून देतो, खाली माझे नाव घालतो. तू उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

त्याने कागदाची घडी घातली. "काटा असंल तिथं?"

"असेल. आतल्या खोलीत असेल, ते मी आधी बघून येतो."

"आन कोण हसलं तर?"

"तर माझी काठी आहे."

मी खरोखरच आधी जाऊन पाहून आलो. काटा आतल्या खोलीत होता आणि तिथे फक्त डॉक्टरीण होत्या. दुसऱ्या दिवशी पुतण्या काट्यावर चढला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्याचा आकडा मी विचारला नाही आणि इथे लिहीतही नाही. घरी झोपताना बोटाला आणि नाकाला लावायचे एक यंत्र त्यांनी दिले. चार दिवसांनी त्यातली नोंद वाचून त्यांनी जे सांगितले, ते मी घरी येऊन वहीत उतरवून घेतले. मानेभोवती आणि घशात चरबी साठली की झोपेत श्वासाची वाट मिटते. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, आणि हे रात्रभर पुन्हापुन्हा होते. म्हणून दिवसा झोप येते, रक्तदाब चढतो, साखर हट्टी होते, हृदय थकते. पुतण्याचा रक्तदाब चढलेला होताच; साखरही उंबरठ्यावर होती. त्या म्हणाल्या, "हे आळसाने होत नाही, आणि लाज वाटण्यासारखं तर यात काहीच नाही. वजन थोडं उतरलं तरी फायदा सुरू होतो. तोवर झोपताना हवेचा मुखवटा लावायचा. आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही."

शेवटच्या वाक्यावर पुतण्याने खिशातली गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

आता गाडी सूनबाई चालवते. पेठेने त्यावरही आपली हकीकत तयार केली: मास्तरांनी पुतण्याच्या मनात भीती भरवली, धडधाकट गडी बायकोच्या शेजारी बसवला. कट्ट्यावर एक जण मला ऐकू जाईल असे म्हणाला, "पैलवानाचं पोरगं उतराय लागलंय." मी त्याला विचारले की उतरून तो कुठे चालला आहे. पहिल्या चार महिन्यांत सहा किलो कमी झाले. एवढ्या देहात सहा किलो म्हणजे काहीच नाही, असे पेठ म्हणते. डॉक्टरीणबाई म्हणतात की पुष्कळ आहे, रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. कोणाचे ऐकायचे, हे मला सांगण्याची गरज नाही. पण पेठेला रोज सांगावे लागते आणि मी आता थकलो आहे. सूनबाईचे वेगळेच. ती म्हणते, "आबा, आता घोरण्याचा आवाजच येत न्हाय. त्यामुळं मलाच झोप लागंना. उठून बघती, चाललाय का श्वास."

भावजय माझ्याशी बोलणे टाकून बसली होती. तुपाची वाटी ती पदराआड आणते, हे मी दोनदा पकडले. तिसऱ्यांदा पकडले ते गेल्या सोमवारी, भर दुपारी. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिलो आणि बोललो, बहुधा जरा जास्तच. तिने ऐकून घेतले. मग एक ताट वाढून माझ्यासमोर ठेवले: एक भाकरी, मटकीची उसळ, काकडीच्या फोडी, बिनलोण्याचे ताक.

"हे घ्या. डॉक्टरणीनं लिवून दिल्यालं तुमच्या पुतण्याचं जेवान. दुसऱ्याच्या ताटावर उभं राहून बोलाय सोपं आसतंय. बसा आन खाऊन दाखवा."

मी बसलो. पुतण्या समोर तशाच ताटावर बसला होता. भाकरी मी शक्य तितकी हळू खाल्ली. ताक संपले, काकडी संपली, उसळीची वाटी बोटाने पुसून झाली. माझा देह पुतण्याच्या निम्माही नाही, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, आणि तरी पोटात जागा तशीच राहिली. भावजय कमरेवर हात ठेवून बघत होती. इतके महिने मी या माणसाला रोज एवढ्यावर उठायला सांगत होतो आणि ते मी एकदाही खाऊन पाहिले नव्हते.

"आबा, पोट भरलं?" पुतण्याने विचारले.

"न्हाय," मी म्हणालो.

त्याने हात धुतले आणि टॉवेल माझ्याकडे दिला. "मग उद्यापासनं दुपारचं हिथंच येत जावा. एकट्याला लय जड जातंय."

तेव्हापासून मी रोज दुपारी तिथे जेवतो. भावजय वाढते, माझ्याशी अजून बोलत नाही. काल तिने दोघांच्याही ताटात काकडीच्या चार फोडी जास्त घातल्या.